कपाच्या बुडातली बाई

चोर बाजारात मी पहिल्यांदा गेले तेव्हा एका म्हाताऱ्या दुकानदाराने मला एक धडा फुकटात दिला. हिरव्या काचेच्या एका फळदाणीकडे मी टक लावून बघत उभी होते. तो म्हणाला, "बाई, जो चीज मंगता है ना, उसको देखने का नहीं." हवी असेल त्या वस्तूच्या शेजारची वस्तू उचलायची. तिचं कौतुक करायचं, तिच्यावरून घासाघीस करायची. खऱ्या वस्तूला मात्र नावं ठेवायची. मग निघता निघता, सहज सुचल्यासारखं म्हणायचं, हे काय पडलंय इथे, हेही टाका यातच. एवढं सांगून त्याने ती फळदाणी मला दुप्पट भावाने दिली, पण धडा मला पुढे तीस वर्षं पुरला.

दादरला माझ्या दोन खोल्यांत आता एक भिंतभर कपाट आहे. विम्याच्या ऑफिसात नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि शनिवारी अर्धा दिवस सुटला की बाजारात जायचं हे एकच व्यसन लावून घेतलं. जपानी फुलदाण्या, काचेवर मागच्या बाजूने रंगवलेलं एक चिनी चित्र, गुलाबी काचेची अत्तरदाणी, जुन्या हंड्या, कुणाच्या तरी दिवाणखान्यातली झुंबराचे लोलक. लोकांना वाटतं, हौस म्हणजे प्रेम असणार. असतंही, पण त्यात निम्मा लबाडपणा असतो. वस्तू स्वस्तात हाती लागल्याचा आनंद वस्तूच्या आनंदाहून मोठा व्हायला लागला, ते मला कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा त्याची किंमत मी नाही, माझ्या आत्याने मोजली होती.

आत्या लालबागच्या चाळीत राहायची, तिसऱ्या मजल्यावर. तिथे साठ वर्षं काढूनही तिच्या बोलण्यातलं मालवण गेलं नव्हतं. आतोबा बोटीवर होते, स्वयंपाकघरात. वर्षातले दहा महिने ते दर्यावर आणि दोन महिने घरी. मूलबाळ झालं नाही. एका खेपेला त्यांनी जपानहून एक टी-सेट आणला. सहा कप, सहा बशा, किटली, साखरेचं भांडं आणि दुधाचं. बाहेरून राखाडी-काळा रंग, त्यावर हाताला लागेल असा उठावाचा ड्रॅगन. कप इतके पातळ की फुंकर मारली तर उडतील असं वाटायचं.

पण खरी गंमत कपाच्या बुडात होती. रिकामा कप उजेडाकडे धरून आत बघितलं की तळाशी एका बाईचा चेहरा दिसायचा. अंबाडा, अंबाड्यात फुलं, खाली झुकलेली नजर. तळाची चिनीमाती कुठे जाड, कुठे पातळ ठेवलेली असते, त्यातून उजेड येतो आणि चेहरा उमटतो. हे मला फार पुढे कळलं. तेव्हा ती जादूच होती.

आत्याकडे दीड दिवसाचा गणपती असायचा. मखराच्या पायरीवर, दिव्यांच्या माळेखाली, तो सेट आरास म्हणून मांडलेला असे. विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी ती मोठ्या परातीत जुना पंचा अंथरून एकेक कप धुवायची आणि शोकेसमध्ये परत ठेवण्याआधी आम्हा पोरांना गॅलरीत उभं करायची. आम्ही गिरगावातून येऊन मुद्दाम त्यासाठी राहायचो. कप उजेडाला धरून ती म्हणायची, "बघ, ही मी."

आतोबांनी तिला तसं सांगितलं होतं. म्हणे, खिशातला तिचा फोटो त्यांनी तिथल्या कारागिराला दाखवला आणि त्याने तो चेहरा सहाही कपांत घातला.

"पण आत्या, तुझी नथ कुठाय?" मी एकदा विचारलं होतं.

"जपानात नथ खय गावतली गो?" ती म्हणाली, आणि इतकी लाजली की मला माझा प्रश्न मूर्खासारखा वाटला.

आतोबा गेल्यावरही तिने गणपती सोडला नाही. भटजींनी आढेवेढे घेतले, तर तिने दुसरे भटजी बघितले. सेटही दरवर्षी मखरासमोर मांडला जायचा. सहापैकी एकाही कपाला कधी चहा लागला नव्हता.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणात मी तिच्याकडे गेले होते. मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते आणि संग्रहाचं वेड अगदी भरात होतं. शोकेसकडे नजर गेली आणि पहिल्यांदाच मी तो सेट आत्याच्या भाचीच्या नजरेने नाही, गिऱ्हाइकाच्या नजरेने बघितला. असले सुटे कप बाजारात पुष्कळ येतात, पण बशा-किटलीसकट अख्खा, एक टवका न उडालेला सेट मी तोपर्यंत बघितला नव्हता. आणि मी काय केलं? त्याच्याकडे पाठ केली. शेजारचा पितळी पानाचा डबा उचलला आणि म्हटलं, "आत्या, काय सुंदर काम आहे गं यावर. असं हल्ली मिळत नाही."

मला सांगा, कशाची गरज होती? सख्खी आत्या. तिच्यामागे आता मीच एक उरले होते. "दे" म्हटलं असतं तर तिने सेट नव्या टॉवेलात गुंडाळून वर दोन नारळ दिले असते. पण जित्याची खोड. तीस वर्षं जे तोंड बाजारात चाललं ते आत्याच्या घरातही आपोआप चालायला लागलं.

ती म्हणाली, "डबो सासूचो. व्हयो तर ने. आणि ते कप रे?"

आत्या लाडात आली की मला "रे" म्हणायची. खरं तर ती मला तेव्हाच सेट देऊ करत होती. मला ते ऐकूच आलं नाही. मला फक्त पुढची खेळी दिसत होती.

"ते? ते काय गं, चोर बाजारात ढिगाने पडलेत," मी म्हटलं. "बोटीवरचा प्रत्येक माणूस तेच आणायचा. कुणी हात लावत नाही त्यांना."

तिने शोकेसकडे बघितलं. मग म्हणाली, "तोंडपण तेच असता?"

"साचाच असतो ना एक. सगळ्यांत तीच बाई."

आत्या उठली. चहा ठेवायला आत गेली. मी मनात खूश होते. भाव पाडून झाला होता. आता गणपती होऊ दे, मग म्हणायचं, उगाच धूळ खातायत, नेते मी. पानाचा डबा पिशवीत घालून मी जिना उतरले. तो डबा अगदी सामान्य होता.

गणपतीला गेले तर मखराच्या पायरीवर सेट नव्हता. तिथे प्लास्टिकच्या फुलांच्या दोन कुंड्या होत्या. मला वाटलं, तिने सेट कुणाला देऊन टाकला. तेवढ्यात शेजारच्या खोलीतली बाई ट्रे घेऊन आली आणि ट्रेमध्ये ते कप होते. त्यांत चहा होता. दर्शनाला आलेली माणसं त्यांतून चहा पीत होती, एकाने बशीत ओतून भुरके मारले, एका पोरीने कप दाराच्या उंबऱ्यावर ठेवला. दुपारपर्यंत एका कपाचा कान मोरीत तुटला.

"आत्या, हे काय?" मी तिला बाजूला घेऊन विचारलं.

"काय झाला?" ती शांतपणे म्हणाली. "भांडीच ती. ढिगाने पडलीत, तूच म्हणालंस ना?"

मला तेव्हाच बोलता आलं असतं. पण काय बोलायचं होतं? सेटला मोल नाही हे मी खोटं सांगितलं होतं. ते खोटं मागे घेता आलं असतं, थोडी लाज गेली असती एवढंच. पण साचा एकच असतो हे खरं होतं. खरं कसं मागे घ्यायचं? आणि तिला लागलं होतं ते खरंच. सेटचं मोल तिला कधी माहीतच नव्हतं, तिला फक्त ती बाई माहीत होती.

त्यानंतर दोन-अडीच वर्षं मी आत्याकडे पूर्वीपेक्षा जास्त जायला लागले. "हल्ली बरी येतंस," ती म्हणायची. मी कप मोजायला जात होते. एक इलेक्ट्रिशियनच्या हातून पडला. एक गॅलरीच्या कठड्यावरून खाली गेला. किटलीचं तोंड उडालं, मग तिच्यात तुळशीला घालायचं पाणी राहू लागलं. दर वेळी मी ठरवून जायचे की आज सांगायचं, आणि दर वेळी चाळीच्या गप्पा, पाण्याची वेळ, बिल्डरच्या मीटिंगा असं काहीबाही बोलून परत यायचे. कप फुटल्याचं तिला दुःख होत नव्हतं, हे मला फुटण्याहून जास्त लागत होतं. ती केराच्या सुपलीत तुकडे भरायची आणि म्हणायची, "गेलो एक."

मग ती मोरीत घसरली. खुबा मोडला. परळच्या हॉस्पिटलात ठेवलं. कपडे आणि कवळी आणायला मी तिच्या खोलीवर गेले. कवळी मोरीजवळच्या फळीवर पाण्यात बुडवून ठेवलेली होती. शेवटच्या कपात. तोच तो, कान तुटलेला.

मी कवळी डबीत घातली, कप धुतला आणि तिथेच मोरीच्या कट्ट्यावर बसून रडले. मग डोळे पुसले आणि ठरवलं, आता एक शेवटचं खोटं बोलायचं.

हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसून मी म्हटलं, "आत्या, ते कप आहेत ना, मी चुकले होते गं. मी बाजारातल्या खूप कपांशी ताडून बघितलं. त्यांतल्या बाईचा चेहरा वेगळा असतो. तुझ्या कपांतली बाई दुसरीच आहे. आतोबांनी खरंच करून घेतली असणार."

तिने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मग कवळी नसलेल्या तोंडाने बारीकसं हसली.

"आता आणि काय व्हया गो तुका?" ती म्हणाली. "एकच रवलो. घेवन जा."

मी म्हटलं, "मला काही नको, आत्या."

"मांजर डोळे मिटून दूध पिता," ती म्हणाली. तिला धाप लागत होती, तरी थांबत थांबत बोलली. "तू डब्याक हात लावलंस तेव्हाच समजला, तुका कप व्हये म्हणून. मागतीस तर देणार होतंय. मी म्हटला, मागात. आज मागात, उद्या मागात." मग तिने मान भिंतीकडे वळवली.

म्हणजे त्या दिवसापासून ती वाट बघत होती. कप एकेक करून फुटत होते आणि मी मागेन म्हणून ती थांबली होती. आणि मी फुटणारे कप मोजत होते, पण "दे" हा एक शब्द माझ्या तोंडातून निघत नव्हता. साचा एकच असतो या माझ्या खऱ्यावर तिने विश्वास ठेवला होता, त्याने तिचं नुकसान झालं. शेवटी मी मायेने खोटं बोलले, तर तिला तो सौदा वाटला. तिला दोष कसा देऊ? बाजारातलं तोंड घेऊन तिच्या घरात मीच गेले होते.

आठ दिवसांनी आत्या गेली. त्या आठ दिवसांत ती माझ्याशी नेहमीसारखी बोलली, भात मऊ हवा म्हणाली, नर्सची चेष्टा केली. कपांचा विषय मी काढला नाही, तिनेही नाही.

तो कप आता माझ्या कपाटात आहे. बशी नाही, कान नाही, आत कवळीच्या पाण्याची एक पिवळट रेघ राहिली आहे. घासली तर निघेल. मी घासत नाही.

मागच्या महिन्यात बऱ्याच दिवसांनी चोर बाजारात गेले. त्या म्हाताऱ्याच्या दुकानात आता दुसरा माणूस बसतो. त्याने नुकतंच एक खोकं उघडलं होतं आणि वर्तमानपत्रातून तोच सेट निघत होता. राखाडी-काळा, ड्रॅगनचा, सहाही कप धड. माझा हात सवयीने शेजारच्या पितळी ताटाकडे गेला. मग मी तो मागे घेतला आणि सरळ म्हटलं, "मला तो कप बघायचाय."

रस्त्यावर येऊन कप उन्हाकडे धरला. अंबाडा, अंबाड्यात फुलं, खाली झुकलेली नजर. वेगळी असावी असं मला इतकं वाटत होतं की मी डोळे चोळून दुसरा कप बघितला, मग तिसरा. सगळ्यांत तीच होती. साचा एकच होता. रेघ न रेघ तीच.

पण ती आत्या नव्हती. कुणीतरी जपानी बाई होती, मी तिला ओळखत नव्हते. कप परत दिले आणि घरी आले. कपाट उघडून आमचा कान तुटलेला कप खिडकीशी नेला, उजेडाला धरला, आणि आत आत्या होती. लालबागच्या गॅलरीतली, नथ नसलेली, लाजलेली.

म्हणजे आतोबा खोटं बोलले नव्हते, फोटोची गोष्ट रचलेली असेल, पण त्यांनाही कपात तीच दिसली असणार. आत्याने विचारलं होतं, तोंडपण तेच असतं का. साचा तोच असतो, तोंड नाही, हे उत्तर मला आता देता येईल, आणि ते ऐकायला ती नाही.