खिडकी उघडी ठेवा

आईला क्षय झाला तेव्हा वडिलांनी हैदराबादच्या सुलतान बाजारातून आरोग्यावरचं एक मराठी पुस्तक आणलं. त्यात औषधांपेक्षा हवेवर भर होता. खिडक्या रात्रंदिवस उघड्या ठेवाव्यात, मनात भीती आणू नये.

ते रझाकारांचं वर्ष होतं. आमच्या गल्लीत भरदिवसासुद्धा कुणी खिडकी उघडत नव्हतं. वडील मात्र रोज संध्याकाळी दाराला कडी घालून तेच प्रकरण मोठ्यानं वाचत. आई खोकत खोकत हसायची. "अहो, लिहिणाऱ्याला आपल्या गल्लीत राहायला बोलवा. बघू कशी खिडकी उघडतो ते."

एका दुपारी ती मला म्हणाली, "तू तरी उघड गं, बोटभर." मी कडीला हात घातला आणि रस्त्यावरून घोषणा ऐकू आल्या. "राहू दे," तीच म्हणाली.

आई श्रावणात गेली. पोलीस ॲक्शन झाली ती त्यानंतर. गल्लीत मिठाई वाटली गेली, घरोघरी खिडक्या उघडल्या. आमची गंजलेली कडी मला वरवंट्यानं ठोकून काढावी लागली.

पुढे शेजारणीच्या सुनेला तोच खोकला लागला, म्हणून शेजारणीनं ते पुस्तक मागितलं. मी लगेच दिलं. पुस्तकात चूक काहीच नव्हती.