विद्यार्ती

आमच्याकडे विद्यार्थ्याला विद्यार्ती म्हणतात. अभ्यासाला अब्यास म्हणतात. शाळेतले मास्तर तसंच म्हणतात, पोरं तसंच म्हणतात आणि त्यावाचून कुणाचं काही अडलेलं मी तरी पाहिलं नाही. हे आमचं बोलणं लांब कुठंतरी बसून कुणी कान देऊन ऐकत असेल, असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

माझी मोठी बहीण आसेगावला दिलेली. तिची मुलगी बारावी झाली आणि नर्सिंगला जायचं म्हणून हट्ट धरून बसली. मार्क चांगले होते. भाऊजींनी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. "यंदा नंबर लागला तं जाय," ते म्हणाले. "नाई लागला तं मी रिसोडच्या पाहुन्याले बोलावतो." रिसोडला हार्डवेअरचं दुकान असलेलं एक स्थळ त्यांनी हेरून ठेवलं होतं. पोरीने खुशाल मान डोलावली. आपला नंबर लागणारच, याची तिला खात्री होती, आणि मलाही होती.

अर्ज ऑनलाइन भरायचा होता. आसेगावात त्यांच्या घरी मोबाइलला धड रेंज येत नाही, म्हणून ती मंगरूळला माझ्याकडे आली. मी घरीच ब्लाउज शिवते. माझ्या मशीनशेजारी पाटावर बसून तिने मोबाइल हातात घेतला. वेबसाइटच्या पत्त्यात इंग्रजी अक्षरांत विद्यार्थी हा शब्द होता आणि तो पत्ता कॉलेजच्या सरांनी वर्गात तोंडी सांगितला होता. सर इथलेच, म्हणजे त्यांनीही विद्यार्तीच म्हटलं असणार. पोरगी एकेक अक्षर तोंडाने म्हणत टाइप करत गेली. टी, आय. मधला एच ना सरांच्या तोंडातून निघाला होता, ना तिच्या बोटातून उमटला.

पण वेबसाइट उघडली! हेच तर आहे. चुकीचं घर असतं तर दार उघडलंच नसतं, असं आपल्याला वाटतं. वर तिरंगा होता, खाली मराठीत सरकणाऱ्या सूचना होत्या, मदतीसाठी फोन नंबरही होता. तिने फोटो टाकला, आधार टाकलं, मार्कशीट टाकली. फी माझ्या मोबाइलवरून भरली. पावती आली. मी तिच्या हातावर साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी फोन आला. माणूस मोठा गोड बोलणारा. "बेटा, फॉर्म बहुत बढिया भरा है आपने. एक भी गलती नहीं." मग पडताळणीची म्हणून आणखी फी मागितली आणि आम्ही तीही भरली. पैशाचं दुःख आहेच, पण मला सगळ्यात जास्त राग येतो तो त्या शाबासकीचा. घरात त्या पोरीला इतक्या आपुलकीने कुणी शाबास म्हटलं नव्हतं. दिवसभर ती ते वाक्य त्याच्या आवाजात म्हणून दाखवत होती आणि हसत होती. मेल्या, लुटायचं तर लूट, वर कौतुक कशाला करतोस?

यादी लागली, त्यात तिचं नाव नव्हतं. चुकून राहिलं असेल म्हणून पावती घेऊन आम्ही दोघी एसटीने नर्सिंग कॉलेजात गेलो. तिथल्या बाईंनी मोबाइल जवळ धरला, लांब धरला, आणि पेनाचं टोक पत्त्यावर ठेवलं. "इथे टीच्या पुढे एच पाहिजे. ही ती वेबसाइट नाही." अर्ज भरायची मुदत कधीच संपली होती. बाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्या हातात काही नव्हतं. परतीच्या गाडीत पोरगी रडली नाही. तिने शंभरदा तो पत्ता बोटाने वरखाली केला.

मी मात्र जळत होते. हा काही उघडं दार दिसलं म्हणून शिरलेला चोर नव्हता. वऱ्हाडातली पोरं कोणतं अक्षर गिळतात, हे त्याने आधी हेरलं, नेमकी तेवढी जागा विकत घेतली आणि आमच्या जिभेवर दुकान मांडून बसला. आमच्या बोलण्याला हसणारे पुष्कळ पाहिले होते. त्यावर धंदा करणारा हा पहिलाच.

आठवडाभराने पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेले. लिहून घेणारा माणूस आमच्याच भागातला होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "पन बाई, पोरीनं स्पेलिंग तं पाहाले पाह्यजे होतं ना."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "साहेब, तुमी म्हना बरं तो शब्द एकदा."

"कोनता? विद्यार्ती?"

"गेला ना तुमचाही एच? मंग तिलेच काहून बोलून राह्यले?"

तो ओशाळून हसला आणि कागद पुढे ओढला. तक्रार लिहिली गेली. तिचं पुढे काय झालं ते मला अजून कळलेलं नाही.

त्याच संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "तिले उद्याच पाठवून दे. रविवारी रिसोडचे पाहुने येऊन राह्यले."

"ताई, तिचा नंबर कोनी चोरला. ती काही नापास नाई झाली."

"ते खरं. पन यंदा लागला नाई ना? तिच्या बापानं पयलेच सांगतलं होतं. मी काय करू?"

मग मी जे बोलायला लागले ते थांबलेच नाही. तुमाले पोरगी उजवायचीच घाई होती, म्हटलं. तो चोर बरा, त्यानं तं निदान शाबास म्हटलं, म्हटलं. तू तिची माय हायस का त्याची पार्टनर, असंही म्हटलं. त्यावर ताईने फोन ठेवला.

पोरगी गेली नाही. पाहुणे आले नाहीत. ती माझ्याकडेच राहते, ब्लाउजांना हुक लावते, यंदा पुन्हा अर्ज भरणार आहे. ताई मात्र तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. लेकीची खुशाली ती शेजारणीला फोन करून विचारते.

मी बोलले ते ताईसाठी नव्हतंच. त्या गोड बोलणाऱ्याला ऐकवायला मी कितीतरी दिवस मनात जमवून ठेवलं होतं. त्याच्या नंबरवर मी सारखी फोन लावत होते. त्याचा लागत नव्हता. ताईचा आला.