राजाचं नसलेलं पत्र

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या आमच्या ऑफिसात तिसऱ्या खंडाची पानं लावत होते. धुळ्याहून त्यांची सून बोलत होती. "ताई, नाना गेले... सकाळी चहा मागितला आणि घेतलाच नाही." आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "आणि प्रूफं?" पलीकडे ती बिचारी म्हणाली, "आहेत. टेबलावरच आहेत." महिना उलटून गेला, पण त्या प्रश्नाची लाज काही जात नाही. उगाच चांगुलपणाचा आव कशाला आणू?

नाना धुळ्यात शाळामास्तर होते. निवृत्तीनंतर लोक नातवंडं सांभाळतात, देवदर्शनाला जातात. यांनी एका राजाचा पत्रव्यवहार अंगावर घेतला. राजाही काही फार मोठा नव्हे. सातपुड्याच्या पायथ्याच्या लहानशा संस्थानाचा, इतिहासाच्या पुस्तकात ज्याला ओळभर जागा मिळाली नाही असा. पत्रं मात्र ढीगभर, आणि सगळी मोडी लिपीत. वारसांच्या घरी लाल फडक्यांत बांधलेले कागदांचे गठ्ठे होते, त्यांना रुमाल म्हणतात. नाना एकेक रुमाल आणायचे, पत्रं देवनागरीत उतरवायचे आणि एसटीने जळगावला यायचे, पिशवी मांडीवरून खाली न ठेवता. टाइप करणारी मी, छापून घेणारी मी, प्रकाशक म्हणून नावही माझंच. मी एक चूक दुरुस्त केली की ते दोन नव्या काढायचे. "नाना, आता पुरे की हो!" म्हटलं की म्हणायचे, "राजा गेला, कारकून गेले, मागं आपणच राहिलोत. घाई कोणाला आहे?" घाई मला होती. मला लग्नपत्रिकांची कामं होती, संसार होता. खरं सांगते, मी त्या राजाला कंटाळले होते.

पहिल्या खंडात एक पत्र आहे, राजाने सासरी गेलेल्या लेकीला लिहिलेलं. 'भरीत जाहले म्हणजे तुझा वाटा निराळा काढितो, मग स्मरते की तू येथे नाहीस.' हे पत्र घ्यायचं की नाही यावर नाना अडून बसले होते. राजाच्या पत्राखाली शिक्का असतो; या कागदावर तो नव्हता. "मसुदा असेल, दफ्तरात राहिलेला," मीच म्हटलं. "घ्या हो नाना. नुसती घोड्यांची नि गवताची पत्रं कोण वाचणार? लोकांना काहीतरी गोड नको का?" त्यांनी बराच वेळ कागद उजेडाला धरला... आणि घेतलं. मग काय विचारता! बोदवडपासून शिरपूरपर्यंत ते पत्र पोचलं. शाळांच्या संमेलनांत वाचलं गेलं, लेकींच्या पाठवणीला बाप ते वाचून रडले. आमच्या पुस्तकाला जे काय नाव मिळालं ते त्या एका पत्राने.

गेल्या हिवाळ्यात नाना न कळवता आले. पाणीसुद्धा घेतलं नाही. खचले की त्यांच्या तोंडी घरची अहिराणी यायची. "शोभाबाई, हाई पत्र राजानं नही शे." नव्याने आणलेल्या रुमालात लेकीचं तेच पत्र सात वेळा सापडलं होतं, सात वेगवेगळ्या हातांचं, आणि समासात थोरल्या कारकुनाचे शेरे: अक्षर मोठे काढणे, ओळ सरळ ठेवणे. नव्या उमेदवार कारकुनांना हस्ताक्षर वळवायला दिलेला तो कित्ता होता. कोण्या कारकुनाने रचलेला. राजाने लेकीला असं काही लिहिलंच नव्हतं. मी म्हटलं, "कोणाला कळणार आहे, नाना?" ते रागावले असते तर बरं झालं असतं. "आपल्याला कळलं ना," एवढंच म्हणाले, तिसऱ्या खंडाच्या शेवटी शुद्धिपत्र घालायचं असं सांगितलं आणि परतीच्या बसला गेले.

नानांच्या शोकसभेनंतर संस्थानाचे थोरले वारस आबासाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "नाना देवमाणूस हो. मला सांगून गेले होते, पण ते शुद्धिपत्राचं पान आता राहू द्या, छापू नका. आमच्या घराण्याची तेवढी एकच गोष्ट लोकांच्या तोंडी आहे. आणि उरलेले रुमाल तुम्हालाच द्यायचे आहेत ना?" बोलणं गोड, पण समजायचं ते मी समजले. इतकी थकले होते की "बरं" म्हणून निघून आले.

मग सुनेने प्रूफं पाठवली. पानापानांवर नानांची पेन्सिल. शेवटी शुद्धिपत्र, चारच ओळी. लेकीचे पत्र राजांचे नाही, तो कारकुनांचा कित्ता आहे, शिक्का नसताना ते घेतले गेले, 'ही चूक सर्वस्वी संपादकाची आहे.' सर्वस्वी! मसुदा असेल म्हणणारी मी, गोड हवं म्हणणारी मी, आणि हा माणूस सगळं आपल्या अंगावर घेऊन चालता झाला... मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले. मग आबासाहेबांना फोन करून सांगितलं, शुद्धिपत्र छापलं जाणार. "बघा बुवा," म्हणाले आणि फोन ठेवला. आता रुमाल यायचे नाहीत. पुढचा खंड निघायचा नाही.

नानांनी तपासलेल्या पानातला काना-मात्रा हलवायची माझी कधी हिंमत झाली नव्हती. या पानावर 'सर्वस्वी' खोडलं आणि 'संपादकाची' पुढे 'व प्रकाशकाची' असं लिहिलं. पान छापायला सोडताना खाली 'छापावे' म्हणून सही लागते. ती कायम नानांची. यावेळी मी केली. मी काही बदललं की पान आधी नानांच्या नजरेखालून जायचं, त्याच सवयीने मग पान घडी करून पाकिटात घातलं, पाकीट चिकटवलं, वर धुळ्याचा पत्ता लिहिला, नानांचं नाव लिहिलं... आणि तशीच बसून राहिले.