चपलांची हजेरी

"सोळा जोड," जिन्याच्या पायथ्याशी उभे राहून बबनराव म्हणाले. "मॅडम, मंगळवारीबी सोळा, आजबी सोळा."

बबनराव माझे घरमालक. केनवडला खाली त्यांचे कृषी सेवा केंद्र आहे आणि वर एक हॉल. त्या हॉलमध्ये मी महिलांसाठी छोटा फिटनेस स्टुडिओ चालवते. त्याआधी सव्वीस वर्षे मी शाळेत शारीरिक शिक्षण हा विषय शिकवला. हॉल देताना बबनरावांनी एक अट घातली होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळच्या बॅचला तीस महिला दिसल्या पाहिजेत. न दिसल्यास दसऱ्यानंतर हॉलमध्ये सोयाबीनची पोती येतील.

मी त्यांच्यापुढे हजेरीपत्रक धरले. ते दोन रंगांच्या शाईने व्यवस्थित भरलेले होते.

"हजेरी कोनीबी लिहिते," ते म्हणाले. "चप्पल खोटं नाई बोलत."

आत येऊन मोजा, असेही मला म्हणता येत नव्हते. दारावर 'पुरुषांना प्रवेश नाही' ही पाटी मीच सुवाच्य अक्षरात लावली होती. त्यामुळे जिन्यावर सोडलेल्या चपला हाच आमच्यातला एकमेव मान्य पुरावा ठरला.

सोळाचे तीस करण्यासाठी मी सोशल मीडिया मार्केटिंगचा आठ पाठांचा ऑनलाइन कोर्स केला. त्यासाठी स्वतंत्र वही घातली आणि समास आखले. त्यातल्या तीन संज्ञा इथे लागतील. रील म्हणजे मोबाइलवर टाकायचा अर्ध्या-पाऊण मिनिटाचा व्हिडिओ. रीच म्हणजे तो किती जणांपर्यंत पोहोचला, तो आकडा. सोशल प्रूफ म्हणजे 'इतर लोक येतात, म्हणजे इथे काहीतरी आहे' असे पाहणाऱ्याला वाटायला लावणारा पुरावा. एखाद्या गाडीवर गर्दी दिसली की आपणही भजी घ्यायला थांबतो, तसे.

माझ्या पहिल्या रीलमध्ये मी एकटीच स्क्वॅट्स करत होते. तिला चौदा व्ह्यूज मिळाले. त्यांतले नऊ माझेच होते, कारण ती नीट अपलोड झाली आहे का, हे मी तपासत होते. थोडक्यात, मला सोशल प्रूफची गरज होती. मी बॅचला विचारले, "तुमचे शूटिंग करू का?"

सगळ्या एकदम भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"तोंड नोका दाखवू, मॅडम," वंदना म्हणाली. तिच्या घरची गावालगत मेथी-वांग्याची बाग आहे आणि बॅचच्या वतीने बोलण्याचे काम तिच्याकडे आपोआप आले आहे. "माही सासू पाहीन तं म्हनंन, वावरात वाकाले कंबर दुखते अन् इथं पैसे देऊन वाकून राह्यली!"

"मग पाठमोऱ्या?"

"पाठीवरून तं गावातलं लेकरूबी वळखते."

मी वहीत लिहिले: तोंड नाही, पाठ नाही. मग माझी नजर जिन्याकडे गेली. तिथे सोळा जोड, आकारमानाप्रमाणे, मीच रांगेत लावलेले होते. ती सवय शाळेतली. मी त्यांचे अर्ध्या मिनिटाचे शूटिंग केले आणि वर मजकूर टाकला: 'या सगळ्या आत आहेत. आपण कुठे आहात?'

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्या रीलने माझ्या सर्व अपेक्षा मोडीत काढल्या. रीच वाढत होता. कमेंट्स तर थांबत नव्हत्या. मी चष्मा लावून त्या क्रमाने वाचल्या.

'तिसरा जोड आमच्या वहिनीचा हाय. त्याचा अंगठा मीच शिवून आनला.'

'हिरवा पट्टा म्हंजे आमची आई. आई तं भजनाले जातो म्हने!'

'शेवटून दुसरा जोड कोनाचा? टाच एका बाजूनं झिजली. बाई डाव्या पायावर भार देते.'

ही शेवटची निरीक्षणशक्ती मला शाळेत एकाही विद्यार्थ्यात आढळली नव्हती. कोर्सच्या तिसऱ्या पाठात म्हटले होते की, लोक कमेंट करू लागले की रील यशस्वी झाली असे समजावे. मी समजले.

संध्याकाळी सहा वाजता बबनराव खालून ओरडले, "मॅडम, शून्य!"

मी बाहेर आले. जिना स्वच्छ होता. मात्र आत एकवीस महिला सूर्यनमस्कार घालत होत्या, म्हणजे काही नव्या आल्या होत्या. सर्वांच्या चपला भाजीच्या पिशव्यांत, डब्याच्या पिशवीत, एकीच्या तर ओढणीत गुंडाळलेल्या. हॉल भरलेला आणि पुरावा नाहीसा, अशी परिस्थिती मी सव्वीस वर्षांत पाहिली नव्हती.

"आत एकवीस आहेत," मी म्हणाले.

"असतीन. मले तं जिना दिसते," बबनराव म्हणाले. लगेच त्यांनी हमालाला आवाज दिला. दोन रिकामी पोती वर आली आणि जिन्याच्या वळणावर पसरली गेली. जागा धरण्याची ही पद्धत आपण एसटीत रुमाल टाकून वापरतो.

मी बॅच थांबवली आणि सगळ्यांना खाली बसवले. "चपला बाहेर ठेवल्याशिवाय हा हॉल राहणार नाही," मी सांगितले.

"बाहेर ठेवल्या तं आमी राहत नाई," वंदना म्हणाली. मग तिने थोडा विचार केला. "मॅडम, शाळेत पोरं गनवेशात असले का मागून वळखू येत नव्हते ना?"

"मुळीच येत नसत."

"मंग चपलाले गनवेश करा ना!"

आठवडी बाजारात वंदनाने एकाच दुकानातून सर्वांसाठी निळ्या रबरी चपला घेतल्या. त्या बदलू नयेत म्हणून मी प्रत्येक जोडाला आतल्या बाजूने पांढऱ्या रंगाने हजेरी क्रमांक घातला. दुसऱ्या रीलमध्ये निळ्या चपलांची एक लांब, सरळ रांग होती. ओळखण्यासारखे काहीच नव्हते. गाव त्यामुळे अधिकच अस्वस्थ झाले. ज्या बाईच्या पायात निळी चप्पल दिसे, तिला लोक थांबवून विचारू लागले. पीठगिरणीवर एका काकूंना तिघींनी विचारले, "किती किलो कमी झालं वं?" काकू कधी स्टुडिओत आल्याच नव्हत्या. संध्याकाळी त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"नाव तं झालंच हाय, मॅडम. आता व्यायामबी शिकवा."

क्रमांक सत्तावीस त्यांना मिळाला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी हजेरीपत्रकावर तीस नावे होती आणि तीसही हजर होत्या. बबनरावांनी जिन्यावर बोट ठेवत दोनदा मोजले. खाली पोत्यांनी भरलेला टेम्पो उभा होता.

"एकोनतीस," ते म्हणाले. "मॅडम, मले वाईट वाटून राह्यलं. पन बोली म्हंजे बोली."

तिसावी कोण, हे मला माहीत होते आणि ते सांगायचे नाही, असा माझा शब्द होता. ती त्यांचीच पत्नी, शोभाताई. त्यांचे घर हॉलच्या मागेच आहे. पहिल्या दिवसापासून त्या घरातल्या मागच्या जिन्याने, अनवाणी, वर येत. घरातल्या घरात येणाऱ्या बाईला चप्पल कशाला लागते? हमालाने पहिले पोते पाठीवर घेतले.

तेवढ्यात दार उघडले. शोभाताई घामाने भिजलेल्या, पदर खोचलेला, अशा बाहेर आल्या.

"तू इथं काहून?" बबनराव म्हणाले.

"दोन महिने झाले. तुमी चपलाच मोजून राह्यले, मानसं कधी मोजले?" त्या तीन पायऱ्या उतरल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या पायांकडे बोट दाखवले. "काढा."

"काय?"

"चप्पल काढा."

हमाल पोते पाठीवर घेऊन तसाच थांबला. बबनरावांनी निमूटपणे काळ्या चामडी चपला काढल्या. शोभाताईंनी त्या उचलल्या आणि रांगेच्या शेवटी, एकोणतिसाव्या जोडाला लागून ठेवल्या. सरळ ठेवल्या, हे मी मुद्दाम पाहिले.

"तीस. चप्पल खोटं नाई बोलत ना?"

"अवं, पन ह्या माह्या हायत!"

"अन् मी कोनाची हाय?" त्या म्हणाल्या. हमालाकडे वळून त्यांनी पुढची सूचना केली, "भाऊ, पोते आमच्या बैठकीत टाका. सोफा सरकवा."

बॅच संपेपर्यंत बबनराव दुकानात अनवाणी बसले, कारण रांग मोडायला शोभाताईंनी मनाई केली होती. मला त्या रांगेचे शूटिंग करून घेता आले. एकोणतीस निळे जोड आणि एक काळा. वर मी फक्त 'तीस पूर्ण' एवढेच लिहिले. पहिली कमेंट चार मिनिटांत आली: 'काळा जोड बबनभाऊचा हाय.' त्याखाली दुसरी: 'मानसाईलेबी घेऊन राह्यले का? टाइम सांगा.'

तशा विचारणा अजूनही येतात. कोर्सच्या पहिल्याच पाठात लिहिले होते की, जाहिरात करण्यापूर्वी आपला ग्राहक नेमका ओळखावा. आमच्याकडे ते काम गाव परस्पर करते. माझ्याकडे फक्त चपला सरळ लावणे उरते. पुरुषांच्या बॅचचा अर्ज मी छापून घेतला आहे, आणि त्यात चपलेचा रंग हा रकाना सक्तीचा ठेवला आहे.