मिरच्यांतून उतरलेलं रक्त

वाळत्या मिरच्यांचा ठसका लागला की मला झरीकडच्या आमच्या छोट्या दवाखान्यातली एक दुपार आठवते. मी तिथं सिस्टर होते. बाळंतपणानंतर एका पोरीचं रक्त थांबता थांबेना, आणि यवतमाळहून रस्त्यानं रक्ताची पिशवी यायला फार वेळ लागला असता, म्हणून ती ड्रोननं निघाली होती. ड्रोन उतरण्यासाठी आखलेला चुन्याचा गोल बघायला मी मागच्या अंगणात गेले, तर दवाखान्यात आयाचं काम करणाऱ्या मावशीनं त्यातच लालभडक मिरच्या वाळत घातलेल्या! आम्ही दोघींनी त्या पदरात भरभरून उचलल्या, पण बिया आणि भुकटी राहिलीच. ड्रोन घोंघावत उतरला आणि त्याच्या वाऱ्यानं तो सगळा तिखट धुरळा थेट खोलीत शिरला. ड्रोनमधला रक्ताचा गार डबा घेऊन मी खाटेपाशी पोचले, तोच पोरीची सासू जोरात शिंकली आणि माझा हात धरून म्हणाली, “शिंक झाली सिस्टरबाई, जराक थांबा न!” मी म्हटलं, “आजी, डब्यातून काढलं का हे रक्त तापते, मंग कामाचं राहत नाही. कायले थांबू?” तेवढ्यात डॉक्टर शिंकले, मावशी शिंकली, मीही शिंकले; कुणाच्या शिंकेसाठी थांबायचं तेच कळेना. पिशवीवरचा नंबर दोनदा ताडून पाहून आम्ही रक्त लावलं. बऱ्याच वेळानं, डोळे मिटून पडलेली ती पोरगीच शिंकली आणि बारीक आवाजात म्हणाली, “मिरच्या कोण भाजून राह्यलं वो?” सासू रडता रडता हसली. आज माझ्या गच्चीवर त्याच सासूनं पाठवलेल्या मिरच्या वाळताहेत. शेजारीण खोकत सांगते, खिडकी लावून घ्या. मी लावत नाही.