परक्या सुनेचा जबाब

इतकी वर्षे लोटली, तरी ते प्रकरण आठवले की आधी शिजत्या हळदीचा वास येतो आणि मग माणसे आठवतात. महायुद्ध संपले होते, पण त्याचे कागद अजून संपलेले नव्हते. पोलीस खात्यात स्त्रियांना घेण्याचा प्रयोग तेव्हा अगदी नवा होता. परदेशी नागरिकांच्या नोंदणीत बायकांचे जबाब घ्यायला कुणीतरी हवे, म्हणून मला मुंबईहून साताऱ्याला तात्पुरते पाठवले होते.

नियम सोपा आणि कडक होता. कुणीही परदेशी माणूस जिल्ह्यात राहिला, तर त्याने पोलिसांकडे नोंद करून दाखला घ्यायचा, तो जवळ बाळगायचा, आणि मुक्काम बदलला की नव्या ठिकाणी पुन्हा वर्दी द्यायची. कागदावर हे सरळ दिसते. आमच्या भागात मात्र मोटारीने एका दुपारी जावे तर कोल्हापूर संस्थान, सांगली संस्थान आणि इंग्रजी अंमलातला सातारा जिल्हा असे तीन मुलूख ओलांडावे लागत. उसाच्या फडाला ही सीमा ठाऊक नव्हती, पोलिसांना होती.

खबर आली ती सांगलीच्या बाजारातून. गावोगाव फिरणारा एक म्हातारा बांगडीवाला पेठेत चहा पिताना बढाई मारत होता की, त्याने एका मड्डमच्या हातात हिरवा चुडा भरला. संस्थानच्या पोलिसांनी ते ऐकले. चुडा भरला ते गाव आमच्या हद्दीतले, म्हणून त्यांनी आम्हाला कळवले, आणि बांगडीवाल्याला कऱ्हाडच्या ठाण्यात बोलावले गेले. तो घाबरला नव्हता. उलट त्याला श्रोते मिळाले होते.

"मड्डम होती हे कशावरून, चाचा?" मी विचारले.

"आवं बाई, चाळीस वर्सं हात बघतोय मी. दुधात केशर पडावं असा रंग. आन् बांगडी चढताना आपल्या बायका 'आई गं' म्हनत्यात, ही कुनास ठाऊक कुठल्या देवीला हाक मारीत हुती."

"जबरदस्ती होती का कुणाची?"

"छ्या. तीच म्हनाली, आनिक दोन चढवा."

कोल्हापूरजवळच्या छावणीत तेव्हा पोलंडहून आलेले निर्वासित राहत. त्या छावणीच्या दप्तराशी ताडून पाहता उलगडा झाला. तिथली एक तरुणी मिरजेच्या इस्पितळात जखमी सैनिकांची शुश्रूषा करायला जात असे. काही महिन्यांपूर्वी ती छावणीतून गेली. 'विवाहासाठी' एवढाच शेरा होता, कुणाशी ते लिहिलेले नव्हते, आणि तिच्या जुन्या नोंदणी दाखल्यावर अजून 'अविवाहित' असेच होते. छावणी आता रिकामी होऊ लागली होती. निर्वासितांची पुढची तुकडी आठवड्याच्या आत मुंबईला आणि तिथून बोटीने परदेशी निघणार होती. तिचे नाव त्या तुकडीत होते.

आमच्या पोलीस सुपरिंटेंडेंट साहेबांनी हुकूम दिला. बाईचे लग्न झाले असेल आणि ती राजीखुशीने राहत असेल, तर तिची नोंद साताऱ्यात करावी. तसे सिद्ध झाले नाही, तर तिला छावणीच्या ताब्यात द्यावे. एक अट त्यांनी स्वतः घातली. घरच्यांनी तिला दडवले असल्याचा संशय असल्यामुळे घरच्यांचा शब्द धरायचा नाही. नवरा कोण, लग्न कुठे झाले, हे तिने स्वतःच्या तोंडाने, कुणी न सुचवता सांगितले पाहिजे.

माझ्याबरोबर एक हवालदार होते. नोकरीत मुरलेले, मिशांना तेल लावणारे. कृष्णाकाठच्या त्या गावात आम्ही सकाळी पोचलो. हळद काढून झाली होती, घरोघरी कढया लागल्या होत्या. उन्हात वाफ सोनेरी दिसत होती, आणि मातीचा, धुराचा, ओल्या मुळांचा वास कपड्यांना चिकटत होता. आम्ही विचारायच्या आधीच गावाने घर दाखवले.

ती अंगणात हळकुंडे पसरत होती. हिरवे लुगडे, कपाळावर कुंकू, आणि हात कोपरापर्यंत पिवळे. माझी खाकी साडी पाहताच ती उभी राहिली आणि तिने पदर डोक्यावर घेतला. तिची सासू, सुरकुत्यांनी भरलेली, ताठ कण्याची बाई, आमच्या आणि तिच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"माझ्या सुनंनं काय चोरलंय?"

"काही नाही, आजी. फक्त विचारायचं आहे. तिला एकटीला."

"मग च्या घ्या आदी. चोराच्या घरचा न्हाई, बिनघोर घ्या."

चहा झाला. सासूला अंगणात बसवून मी, हवालदार आणि ती अशी तिघे सोप्यात बसलो. हवालदारांनी कागद मांडीवर घेतला. तिचे मराठी त्या गावचेच होते. फक्त शब्द ती काचेच्या भांड्यासारखे जपून ठेवत असे. जन्मगाव सांगितले. आई-वडील, दोन भाऊ, कुणी उरले नाही, हेही सांगितले. आवाज हलला नाही. लग्न कोल्हापूरला सरकारी कचेरीत झाले, मग गावात अक्षता पडल्या. विवाहाचा दाखला नवऱ्याने पलटणीत नेला, तिथल्या दप्तरात बायकोची नोंद करायला.

"नवऱ्याचं नाव?"

ती गप्प बसली.

मी पुन्हा विचारले. तिने मान खाली घातली आणि लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळू लागली. हवालदार माझ्या कानाशी वाकले.

"बाई, हिला नावच ठाऊक न्हाई. कुठंतरी पानी मुरतंय बघा."

भिंतीवर गणवेशातल्या तरुणाचा फोटो होता. मी बोट दाखवले. "हे कोण?"

"आमचं धनी." चेहरा उजळला तिचा. "पलटनीत नाईक हाईत."

"त्यांचं नाव सांग."

ती पुन्हा काठ बोटाला गुंडाळू लागली. बाहेर कढईत पाणी खदखदत होते, तेवढाच आवाज. हवालदारांनी दौतीत टाक बुडवला. 'उत्तर देण्यास नकार' असे ते लिहिणार हे मला दिसत होते, आणि ते लिहिले की बोट ठरलेली होती.

"थांबा जरा," मी म्हणाले. तिच्याकडे वळले. "तुला परत जायचं आहे का?"

"न्हाई."

"इथे कुणी धमकावलं आहे?"

"न्हाई."

"नाव सांगितलं नाहीस तर तुला बोटीवर जावं लागेल. हे कळतंय ना?"

तिने मान हलवली. डोळे भरून आले होते. तिला सगळे कळत होते, तरी ती बोलत नव्हती. चाळीस कैद्यांनी खोटे बोलावे आणि एकाने असे गप्प राहावे, तर माणूस त्या एकाकडेच पाहत राहतो. मी आवाज खाली आणला. "बोललीस तर काय होईल असं वाटतं तुला?"

बोटाचा काठ सोडवत ती म्हणाली, "आत्यांनी सांगितलंय. बायकूनं नाव घेतलं की धन्याचं आयुष्य कमी हुतं. माझी समदी मानसं लढाईनं नेली. हे लढाईत जाऊन परत आलं. मी न्हाई घेनार नाव. बोटीवर बसवा."

हवालदारांचा टाक तसाच हवेत राहिला. माझी आई आठवली मला. तिने उभ्या जन्मात वडिलांचे नाव साधे कधी उच्चारले नाही. पण सणासुदीला, बायकांच्या गराड्यात, तिच्या तोंडून ते किती डौलाने येई. मी दार उघडले आणि सासूला आत बोलावले.

"आजी, सुनेला नाव घ्यायचं नाही म्हणून शिकवलंत. उखाण्यात घेतलेलं चालतं, हे सांगितलंत का?"

म्हातारीने तोंडावर हात ठेवला. "आगं बया. ते ऱ्हायलंच की. आदी बोलायला शिकिवलं, मग भाकरी शिकिवली. पाडव्याला उखाना शिकिवनार हुती."

"मग आत्ताच सांगते एक," दारातून शेजारीण म्हणाली. तोवर निम्मी आळी ओट्यावर जमली होती.

"कुणी काही सांगायचं नाही," मी म्हणाले. "सरकारी अट आहे. तिचा तिनं रचायचा."

सासूने सुनेचा पिवळा हात हातात घेतला. "उखान्यातलं नाव लागत न्हाई गं. उलट आयुष्य वाढतं. माझं धनी ऐंशी वर्सं जगलं, माझ्या उखान्यांवर."

मग मी पोलीस राहिले नाही, थोडा वेळ शिक्षिका झाले. दोन ओळी हव्यात, शेवट जुळले पाहिजेत, नाव दुसऱ्या ओळीत यावे, एवढेच सांगितले. ती डोळे मिटून बसली. ओठ हलत होते. कुणीतरी हसले, त्याला कुणीतरी दटावले. खरेच, इतकी उत्सुक शांतता मी पुढे कुठल्या कोर्टातही अनुभवली नाही. मग ती उभी राहिली, पदर सावरला, आणि स्पष्ट आवाजात म्हणाली:

"माझ्या गावात बर्फ पडतं, इथं पिकतो ऊस,
…रावांचं नाव घेते, आता पुन्हा नको पूस."

नाव मी इथे गाळले आहे. तिने ते गाळले नव्हते.

ओट्यावर एकच हशा उसळला. सासू मात्र गडबडली. "आगं, मोठ्या मान्सास्नी 'पुसू नका' म्हनावं."

"मग ऊस कुठं बसंल, आत्या?"

"राहू दे, राहू दे," मी डोळे पुसत म्हणाले.

हवालदार खाकरले. "बाई, सरकारी जबाबात गानं कसं लिवायचं?"

"साक्षीदाराच्या शब्दांत, हवालदार. कायद्यात तसंच आहे."

त्यांनी वळणदार अक्षरात दोन्ही ओळी लिहिल्या, वाचून दाखवल्या, आणि तिने खाली सही केली. कागदावर हळदीचा अंगठा उमटला तो वेगळाच. फोटोतल्या नाईकाचे नाव पलटणीकडे तारेने पडताळले. ते जुळले.

साहेबांनी जबाब वाचला तेव्हा मी समोर उभी होते. त्यांनी दोन ओळी मराठी येणाऱ्या कारकुनाकडून उलगडून घेतल्या, खिडकीकडे तोंड फिरवले, आणि बराच वेळ त्यांचे खांदे हलत होते. मग त्यांनी 'मान्य' असे लिहिले. बोट तिच्याविना गेली.

नवा दाखला द्यायला मी स्वतः गेले. तो कसा जपायचा, जिल्हा सोडताना कुठे वर्दी द्यायची, ते नीट समजावले. सासूने कागद उलटसुलट पाहिला.

"ह्यो नसला तर ही माझी सून न्हाई व्हय?"

"सून तुमचीच, आजी. पण हा असला की आमच्यासारख्यांना पुन्हा येऊन विचारावं लागणार नाही."

"मग नसलेलाच बरा. तुमी येत जावा."

दाखले, शिक्के, नोंदी यांतच माझी सारी नोकरी सरली, आणि त्यांची गरज मी कधी नाकारली नाही. सीमेवरच्या माणसाला कागदच निवारा देतो, हे मी त्या गावातच पाहिले. पण चौकशीची रीत मात्र त्या दिवसापासून बदलली. समोरचा गप्प बसला की 'उत्तर देण्यास नकार' लिहिण्याआधी मी एक प्रश्न जास्त विचारू लागले: बोललास तर काय होईल, असे वाटते तुला? पुढच्या साऱ्या नोकरीत या प्रश्नाने जितकी तोंडे उघडली, तितकी दरडावण्याने उघडली नाहीत. बहुतेकांच्या त्या उत्तरात भीती असे, पण ती स्वतःसाठी क्वचितच असे. घरात किंवा दूर कुठेतरी एक माणूस असे, आणि त्याच्या जिवाला काही होऊ नये म्हणून समोरचे माणूस तोंड मिटून बसलेले असे.