एफीच्या घरचं हॅलोविन

एफी सिंक्लेअरइतकी तोंडाळ बाई स्कॉटलंडातल्या आमच्या विक बंदरात दुसरी नव्हती. जन्मभर हेरिंग मासे चिरलेले. हातात सुरी असली की गप्प, नसली की तोंडाचा पट्टा सुरू. नवऱ्याने एकदाच तिच्यावर हात उगारला, तर तिने त्याच्या खांद्यात बिडाचा तवा घातला. मरेपर्यंत त्याला त्या हाताने टोपी काढता आली नाही. हे ती स्वतःच हसत हसत सांगायची आणि आम्हीही हसायचो.

अशी बाई हॅलोविनला, ऑक्टोबरअखेरच्या भुतांच्या रात्री, गल्लीतली चिल्लीपिल्ली स्वयंपाकघरात गोळा करायची. मी शेजारीण, मदतीला जायचे. सलगमाचा कंदील करणं म्हणजे खायचं काम नाही, दगडच तो. एफी तो मांडीत धरून सुरीने त्याचं टाळकं उडवायची. पोरं चमच्यांनी आतला गर खरवडायची. मग दात-डोळे कोरायचे, सुतळी ओवायची, आत मेणबत्ती लावायची. जुन्या चादरींना दोन भोकं पाडली की भुतं तयार. खायला काकवीत बुडवलेले स्कोन, म्हणजे छोटे जाड पाव, दोरीला टांगलेले. हात पाठीमागे बांधून ते नुसत्या तोंडाने खायचे. शेजारी पाण्याच्या टबात सफरचंदं तरंगत, तीही दातांनीच उचलायची. थोड्या वेळात सगळ्यांची थोबाडं केसांपर्यंत काळी व्हायची.

मग ओळखायचा खेळ. भुताचं नाव घरच्या बाईने सांगायचं, आणि ती सांगेपर्यंत भुताने तोंड उघडायचं नाही. उघडलं तर बक्षीस गेलं.

त्या वर्षी रुअरी नवा होता, पाच वर्षांचा. त्याची आई मोराग नवऱ्याचा मार खाऊन उन्हाळ्यात ग्लासगोहून पळून आली होती. पोराच्या पाठीवर पट्ट्याचे वळ मी स्वतः पाहिले होते. मासळीच्या कारखान्यात कामावर जाताना तिने पोराला एफीकडे सोडलं.

"मावशी, डगल आम्हाला शोधतोय म्हणे. पोराला घेऊन गेला तर जिवंत ठेवायचा नाही हो."

"येऊ दे मुडद्याला. तू कामावर जा."

दिवस मावळताना तो आलाच. दार लाथेने उघडलं तेव्हा मी स्कोनची दोरी धरून उभी होते आणि पोरांनी नुकत्याच चादरी पांघरल्या होत्या. तो एवढा धिप्पाड आणि दारूचा भपकारा.

"माझा पोरगा कुठाय?"

"हळू बोल मेल्या, भुतं घाबरतील," एफी म्हणाली.

"ए म्हातारे, मुकाट्याने दे, नाहीतर हाडं मोडीन."

"तुझाच आहे ना? मग घे ओळखून. काय रे भुतांनो, नाव ओळखेपर्यंत काय करायचं?"

सगळी भुतं चिडीचूप. माझ्या शेजारची चादर थरथरत होती. तो रुअरी होता.

डगलने एकेक चादर ओरबाडायला सुरुवात केली. खाली सगळी काळी, चिकट तोंडं. रुअरीचीही ओढली. हनुवटी धरून तोंड वर केलं, पाहिलं आणि ढकलून दिलं. या माणसाने पोराकडे कधी डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं, हातानेच पाहिलं होतं.

मग त्याने कोळ्याच्या पोरीला, आयलाला, धरलं. बारीक कापलेल्या केसांची ती मुलगी. "सापडलास! आईच्या पदराआड लपतोस काय?" म्हणत त्याने तिचा हात पिरगाळला. पोरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण बोलेल तर शपथ.

एफी दारात आडवी आली. त्याने तिच्या जबड्यावर ठोसा मारला. हाड मोडल्याचा आवाज मला चुलीपाशी ऐकू आला. ती पडली, तर त्याने बुटाने तिचा हात चिरडला. तरी ती उठली. उरलेल्या हाताने सुतळीसकट पेटता कंदील उचलला आणि गरगर फिरवून त्याच्या कानशिलात हाणला. मी सफरचंदांचा टब त्याच्या पायांत उलटवला. पाण्यात आणि काकवीत पाय घसरून तो आपटला, तशी एफी छातीवर बसून त्याच्या तोंडावर सलगम हाणत सुटली. नाकाचा चेंदा झाला तरी थांबेना. मीही तिला थांबवलं नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. शेवटी शेजारच्या गड्यांनी त्याला जाळ्याच्या दोराने बांधला आणि पोलिसांनी नेला.

पोरं रडत रडत धावत आलेल्या आपापल्या आयांना बिलगली. एकटा रुअरी कोपऱ्यात. त्याने स्वतःच चादर पुन्हा अंगावर ओढली होती.

"रुअरी, बाळा, संपलं सगळं," मी म्हटलं. भुताने नाही म्हणून मान हलवली आणि एफीकडे बोट केलं.

एफीचा जबडा लोंबत होता, पुढ्यात रक्त. ती गुडघ्यांवर सरकत त्याच्यापाशी गेली, मोडका जबडा हाताने वर दाबून धरला आणि कसंबसं म्हणाली, "रु... अ... री."

चादर खाली आली.

"मावशी, मी बोललो नाही," तो म्हणाला. "बाबांना ओळखताच आलं नाही." आणि मग तो मोठ्याने रडायला लागला.